भिंतीवरचे आजोबा

कौटुंबिक विनोदी सिनेमाचं शूटिंग म्हटलं की किस्से साचतातच. मित्र म्हणतात, "एखादा हसवणारा सांग." नाशिकला केलेल्या सिनेमाचे माझ्याकडे ढीगभर आहेत. मी तिथे सेट सजवायचो. पण ते ऐकून अजून तरी कोणी हसलेलं नाही.

आमचे दिग्दर्शक फार उदार. "समाजाच्या सगळ्या थरांतली माणसं दिसली पाहिजेत," असं रोज म्हणायचे. म्हणजे मोलकरीण गावाकडची, ड्रायव्हर मुसलमान, माळी शेतकरी. सोफ्यावर बसणारं कुटुंब मात्र ठरलेलंच!

*

मोलकरीण झालेली नटी चांगली गोरीपान. मेकअपवाल्याने तासभर खपून तिला सावळं केलं. शूटिंग गंगापूर रोडच्या एका बंगल्यात होतं. तिथल्या मालकीणबाईंनी सकाळीच तिच्यासोबत सेल्फी काढला होता.

दुपारी ती साधी साडी नेसून हॉलमधून निघाली, तर बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "मागच्या दाराने जा गं."

आम्ही हसायच्या बेतात होतो. ती निमूटपणे मागच्या दाराने गेली. "पाय आपोआप वळले रे," असं नंतर मला म्हणाली. तेव्हापासून तो हॉल मला नकोसा झाला.

*

त्याच हॉलमध्ये कुटुंबातल्या दिवंगत आजोबांचा हार घातलेला फोटो हवा होता. पण जिवंतपणी आपल्या फोटोला हार कोण घालू देणार? एकही नट तयार होईना.

शेवटी सिनेमात माळ्याचं काम करणारे रंगनाथकाका पुढे आले. सायखेड्याचे, झेंडूची शेती, नाटकाचं भारी वेड. म्हणाले, "मला काय भ्या नाय. पण माझं एक वाक्य हाय, 'मालक, फुलं आणली.' तेवढं कापू नका. घरी सगळ्यांना सांगून आलोय."

दिग्दर्शकांनी शब्द दिला. मी काकांना कोट चढवून फोटो काढला आणि त्यांच्याच मळ्यातल्या झेंडूचा हार घातला.

*

दुसऱ्या दिवसापासून मंडळी येता-जाता फोटोला हात जोडायला लागली. शॉट नसतानाही. कोणीतरी उदबत्ती लावायला लागलं.

काका दारात उभे राहून "राम राम" म्हणायचे. कोणी उत्तर देत नसे. जेवणाच्या रांगेत लोक त्यांना धक्का देऊन पुढे जायचे आणि मागे वळूनही बघायचे नाहीत.

"साहेब," ते मला हळूच म्हणाले, "मी दिसतोय ना?"

मी हसून वेळ मारून नेली.

*

काकांच्या वाक्याचा दिवस उजाडला. डोक्यावर टोपी, हातात टोपली. "मालक, फुलं आणली." झकास बोलले.

तेवढ्यात दिग्दर्शकांचं लक्ष काकांच्या मागच्या भिंतीकडे गेलं. माळी आणि आजोबा, दोघांचा चेहरा एकच! शूटिंगच्या गडबडीत हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "फोटो बदलू. दुसरा कोणीतरी मिळेल."

"नको," दिग्दर्शक म्हणाले, "आजोबा छान घरंदाज वाटतात. माळी बदला."

काका समोरच उभे होते. त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. मला फार चीड आली.

*

शूटिंग संपल्यावर काकांनी तो फोटो मागून घेतला. "कोटातला दुसरा नाय माझा." पुढे सिनेमा लागला, सगळ्या गावाने पाहिला. मग एकदा मी सायखेड्याला गेलो. काका स्वतः मोटारसायकल घेऊन स्टँडवर आले होते.

घरात दर्शनी भिंतीवर तोच फोटो, हार ताजा. "काढा म्हटलं तर ऐकत नाय कोणी," काका म्हणाले आणि फोटोखालच्या खुर्चीत बसले. मी समोर बसलो.

इतक्यात त्यांची नात पेढे घेऊन आली. बारावी पास झाली होती. काकांनी पाय जुळवून पुढे घेतले, आशीर्वादाला हात उचलला.

तिने फोटोपुढच्या फळीवर पेढा ठेवला, वाकून नमस्कार केला, एक पेढा मला दिला आणि आत निघून गेली.

काकांचा हात अजून वरच होता.