दादांनी बघितलेली मशीन

संजू, तेलगावच्या स्टँडवर मला सोडायला तू आणि दादा आला होतात. एसटी सुटेपर्यंत दादा खिडकीशी उभे राहून एकच गोष्ट बजावत होते, "शिकून झालं की ती मशीन मला दाखवायची, बरं का." सहकारी जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत आपल्या बापाची उमर गेली होती, वाक्य पुरं व्हायच्या आत खोकला यायचा. मी हो म्हणाले. हो म्हणायला काय लागतं.

बंगळूरला पहिले सहा महिने मी नुसत्या सुया मोडल्या. आमच्या सूक्ष्मदर्शकात बघण्याचं काम भिंग करत नाही. लवचिक पट्टीच्या टोकाला डोळ्याला न दिसणारी सुई असते. ती नमुन्यावरून ओळीओळीनं फिरते, चढउतार चाचपते आणि संगणक त्याचं चित्र काढतो. घाईनं टेकवली की मोडलीच. टेबल हवेवर तरंगतं, तरी कुणी दार आपटलं की चित्रात रेघ उमटते. इंग्रजी वाचायला आणि कानडीत भाजी घ्यायला मी लवकर शिकले, पण त्या खोलीत गप्प बसायला फार वेळ लागला.

दुष्काळाच्या त्या साली कापूसच आला नाही. जिनिंगला कुलूप लागलं आणि दादांना पहिल्यांदा मोकळे दिवस मिळाले. ते थेट माझ्याकडे आले. जेवताना मी त्यांना सुईचं सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आंधळं माणूस चाचपतंय तसं." मला हसू आलं. हेच समजायला मला आठवडा लागला होता.

प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांना उबळ आली. आत सुई नुकतीच नीट टेकली होती. मी म्हणाले, "दादा, दहा मिनिटं बाहेर बसा."

"बसतो की. तुजं काम बिघडाया नको."

दहा मिनिटांचे चार तास झाले. एकामागून एक इतकी स्वच्छ चित्रं येत होती, की मला सुई उचलवेना. बाहेर आले तेव्हा दादा बाकावर नव्हते. खोकला आत जाऊ नये म्हणून ते व्हरांड्याच्या पार टोकाला, जिन्यापाशी जाऊन उभे होते. त्यांच्या गाडीची वेळ झाली होती. पुढच्या वेळी नक्की दाखवते, असं म्हणत मी त्यांना स्टेशनवर सोडलं.

त्यांना बाहेर बसवा असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. खोकल्याचं कारण खरं होतं, पण अर्धंच. त्यांच्या मोठ्या आवाजाची मला तिथल्या लोकांसमोर लाज वाटली, हेही लिहूनच टाकते.

पुढची वेळ आलीच नाही. दादा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जिनिंगमधले त्यांचे जोडीदार गौतमकाका बोलायला उभे राहिले, तुला आठवत असेल. दादा सगळ्यांना काय सांगायचे ते त्यांनी सांगितलं, "पोरीनं हाताला धरून आत नेलं. लई बारीक सुई हाय, दिसत बी न्हाई. मी दम धरून उभा होतो, एकदाबी खोकलो न्हाई." सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते, तूसुद्धा. मी हो म्हणून मान हलवली.

संजू, दादा आत गेलेच नव्हते. मायला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

गावाकडं कधी येतेस, असं तू दरवेळी विचारतोस. माझ्या बापाला मी आत नेलं होतं, हे जिथे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे, अशी जगात तेवढी एकच जागा आहे. तिथे यायचा मला धीर होत नाही.