मधला पडदा

हृदय या विषयावर आमच्या घरमालकांइतकं अरसिक बोलणारा माणूस उभ्या बेंगळुरात सापडणार नाही. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात शाळांसाठी प्लास्टिकची हृदयं बनतात. ती तपासून पास करणं हे या काकांचं काम. काका-काकूंबरोबर चिकपेटेत गेले असताना मी बदामाच्या बुट्ट्यांची साडी उचलली, तर दुकानदारासमोरच त्यांनी विचारलं, याला कप्पे कुठे आहेत? त्यांच्या लेखी हृदय म्हणजे चार खोल्यांचं घर. वर दोन, खाली दोन, एकाच बाजूला उघडणारी दारं, आणि डावं-उजवं रक्त वेगळं ठेवणारा मधला पडदा. डावीकडची खालची भिंत सगळ्यांत जाड, कारण अंगभर रक्त ढकलायचं तिनेच. मी बसवनगुडीतलं हे घर बघायला आले, त्याच दिवशी मला एवढं सगळं समजलं. नळाला पाणी कधी येतं, ते मात्र विचारायचं राहून गेलं.

त्यांचा खरा जीव त्या पडद्यात. कारखान्यात ते प्रत्येक पडद्यामागे टॉर्च धरतात आणि सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार आला तरी ते हृदय भंगारात जातं. ही सवय घरीही सुटत नसे. डोसा, छत्री, नवा टॉवेल, सगळं आधी उजेडासमोर. मी दिलेली पुरणपोळीसुद्धा त्यांनी खिडकीशी नेऊन न्याहाळली, "पास" म्हणाले आणि मगच खाल्ली.

गेल्या वर्षी त्यांना नात झाली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीकसं छिद्र आहे. बहुतेक आपोआप बुजेल, नाहीतर ऑपरेशन. तोवर वाट बघायची. त्या संध्याकाळी काका जिन्यात भेटले, तर नुसतेच मला वाट देऊन बाजूला उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून भंगारात निघालेली हृदयं ते मागून घरी आणू लागले. फडताळ भरलं, मग टीव्हीखालचं टेबल. झाडताना काकू वैतागतात, पण फेकत नाहीत.

परवा नातीची तपासणी झाली. मी खाली जाऊन काकांना विचारलं.

"स्वल्प उरलंय, अक्का. बुजतंय म्हणालेत."

नात फरशीवर बसून भंगारातल्याच एका हृदयाचे दोन भाग एकमेकांवर आपटत होती. एक भाग घरंगळत माझ्यापाशी आला. मी तो उचलला आणि काकांच्याच सवयीने खिडकीसमोर धरला.

"बघू नका," ते म्हणाले. माझ्या हातून तो अलगद घेऊन त्यांनी नातीला परत दिला. "पास आहे ते."