गठ्ठ्यातून विषय बाहेर काढणाऱ्या मावशी

मावशी कोणतंही विधेयक शेवटच्या पानापासून वाचायच्या. "जे द्यायचं ते सरकार पुढे लिहितं. जे काढून घ्यायचं ते मागे, परिशिष्टात," असं म्हणत चष्मा नाकावर ओढून त्या उलट्या दिशेने पानं चाळत बसायच्या. वसईच्या ख्रिस्ती घरातल्या. इथे ऑस्ट्रेलियात येऊन आयुष्यभर इस्पितळात सुईणीचं काम केलं आणि निवृत्तीनंतर आमच्या उपनगरातून कौन्सिलवर निवडून आल्या. मीटिंगमध्ये मी त्यांना 'काउन्सिलर' म्हणायचो, बाहेर कार पार्कमध्ये 'मावशी'; नात्याने नव्हे, दोघंही मराठी म्हणून.

राज्य सरकार नवा कायदा करायला निघालं की शहरांच्या कौन्सिलांचं मत मागवतं. आमच्याकडे त्यासाठी पाच काउन्सिलरांची समिती होती. पाठिंबा, विरोध किंवा नुसती नोंद, यांतली एक भूमिका समिती ठरवायची आणि ती शहराच्या नावाने राज्याच्या संसदेकडे जायची. विधेयक वाचून शिफारस लिहिणं ही माझी नोकरी. 'समितीने नोंद घ्यावी' हे माझं लाडकं वाक्य, कारण त्याने कोणी दुखावत नसे. मावशींना त्याची चीड होती. "बाई कळा देतेय आणि मी दारात उभी राहून नोंद घेऊ? अरे, एक तर आत ये, नाहीतर जा घरी!"

बिनवादाचे विषय मीटिंगच्या सुरुवातीलाच एकगठ्ठा मंजूर व्हायचे. अध्यक्ष यादी वाचायचे. एखाद्या सदस्याने मागितला तर तेवढा विषय गठ्ठ्यातून चर्चेसाठी बाहेर निघायचा. मावशी दर वेळी किमान एक तरी बाहेर काढायच्या आणि बाकीचे घड्याळाकडे बघायचे.

"झालं सुरू," शेजारचे काउन्सिलर एकदा पुटपुटले.

"मेट, आज दुपारी गॉल्फ आहे वाटतं?" मावशींनी विचारलं. "जा ना. मत देऊन जा."

मग कॅरव्हान पार्कचं विधेयक आलं. आमच्या इथे ओढ्याकाठी असं एक, चाकांवरच्या आणि हलवता येण्याजोग्या घरांचं, पार्क होतं. तिथे निवृत्त माणसं वर्षानुवर्षं राहत होती. केबिन त्यांची स्वतःची, व्हरांडे त्यांनी हाताने बांधलेले, पण खालची जमीन पार्कच्या मालकाची. विधेयकात पुढे दिवे, आगीपासून सुरक्षितता, सगळं छान छान होतं. शेवटच्या परिशिष्टात एक ओळ होती. पार्क बंद करायचं झालं तर मालकाने वर्षभर आधी नोटीस द्यायची, त्याऐवजी आता साठ दिवस पुरणार होते.

नेमका तेव्हाच मावशींचा भाऊ वसईत आजारी पडला. निघताना मला म्हणाल्या, "तेवढं विधेयक मी येईपर्यंत धरून ठेव. मी तिथल्या लोकांना विरोधाचा शब्द दिलाय."

"नो वरीज, मावशी," मी म्हणालो.

दोन दिवसांनी माझ्या मॅनेजरने मला बोलावलं. नव्या लायब्ररीची परवानगी सरकारकडे अडकली होती, त्यामुळे सरकारला नाराज करायचं नव्हतं. "ती बाई परत यायच्या आत उरकून टाक," तो म्हणाला. मी 'थांबू या' म्हणू शकलो असतो, मत पाठवायची मुदत शिल्लक होती. मी म्हणालो नाही. 'पाठिंबा' अशी शिफारस लिहिली आणि विषय एकगठ्ठा यादीत घातला, कारण मावशींखेरीज तो कोणी बाहेर काढणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. चारही हात वर झाले. मी ते पत्र त्याच दिवशी पाठवून दिलं.

मावशी परतल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी. वसईची सुकेळी, तिथली सुकवलेली केळी, आणली होती, कस्टम्सला रीतसर दाखवून. पुडकं पुढे ठेवून म्हणाल्या, "खा. मग सांग. शेवटचं पान वाचलं होतंस?"

"हो."

"साठ दिवस दिसले होते?"

"दिसले होते. पण वरून सांगितलं होतं, मावशी…"

"वरून पाऊस येतो. सांगतात ती माणसं. यादी कोणी केली?"

"मी."

"हां. आता खरं बोललास." आणि त्या गेल्या. सुकेळ्यांचं पुडकं मी न उघडता खणात ठेवलं.

पुढच्या मीटिंगला त्यांनी ठराव रद्द करायचा प्रस्ताव आणला आणि एका मताच्या फरकाने जिंकला. तोवर मंत्र्यांनी सभागृहात पाठिंबा देणाऱ्या शहरांची यादी वाचून दाखवली होती, त्यात आमचं नाव होतं. आमच्या नव्या पत्राला एका ओळीचं उत्तर आलं: मुदत संपल्यामुळे विचारात घेता येत नाही.

"शहराला बोलता येत नाही? ठीक आहे," मावशी म्हणाल्या, "मला येतं." संसदेच्या समितीपुढे त्यांनी साधी नागरिक म्हणून बोलायची वेळ मागितली. मीही मागितली, पण हे त्यांना सांगितलं नाही.

सुनावणीत एका आमदाराने त्यांना हसत विचारलं, "पण मॅडम, तुमच्याच कौन्सिलने पाठिंबा दिलाय ना?"

"ते कौन्सिलला विचारा," मावशी म्हणाल्या. "मी तुम्हाला ओढ्याकाठच्या माणसांबद्दल विचारतेय. साठ दिवसांत तुम्ही घर हलवून दाखवाल?"

त्यांच्यानंतर माझं नाव पुकारलं गेलं. मी म्हणालो, "तो पाठिंबा मी लिहिला. त्यावर चर्चा होऊ नये अशा जागी मीच ठेवला. शेवटचं पान मी वाचलं होतं." ऑफिसने मला लेखी ताकीद दिली आणि पार्किंगच्या परवान्यांच्या खिडकीवर बसवलं. त्याचं मला काही वाटलं नाही. तेच पुन्हा बोलेन.

विधेयक तरीही मंजूर झालं. सहा महिन्यांत पार्क बंद झालं. शेवटच्या आठवड्यात मावशी तिथे गमबूट घालून कुंड्या गाडीत चढवत होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन म्हणालो, "मावशी, मला माफ करा."

"मला कशाला विचारतोस? माझं घर विटांचं आहे," त्या वळून न बघता म्हणाल्या. "त्यांना विचार. प्रत्येकाला."

मी प्रत्येकाच्या दारात गेलो. दोघांनी चहा दिला. एकाने दार लावून घेतलं. रॉन नावाचे एक म्हातारे गृहस्थ उखडलेल्या व्हरांड्याच्या फळ्या बांधत होते. ते म्हणाले, "मेट, माफी राहू दे. हे टोक धर." मी धरलं.

पुढच्या हिवाळ्यात मावशी अंथरुणाला खिळल्या. भेटायला गेलो तर त्यांनी तब्येतीबद्दल बोलूच दिलं नाही. "नवीन काय आलंय?"

"भाडेकरूंचं विधेयक."

"वाच."

मी फोनवर शोधून वाचू लागलो. त्यांचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोप लागली. एका कलमाशी त्यांनी बोट वर केलं. "इथे विरोध लिही."

"मावशी, मी आता त्या खात्यात नाही."

"मग तुला अडवायला कोण बसलंय? स्वतःच्या नावाने लिही. खाली घरचा पत्ता घाल, म्हणजे त्यांना कळू दे आपण कुठे राहतो ते."

मावशींनी मला माफ केलं असं मी कुठे म्हणणार नाही, कारण तसं त्या कधी बोलल्या नाहीत. त्या गेल्या त्याच आठवड्यात मी ते पत्र लिहिलं. पहिल्याच ओळीत 'विरोध' लिहिलं, आणि खाली माझं पूर्ण नाव, घर नंबर, रस्ता.