वैशाली मॅडमनी रूट केलेले फोन

आमच्या स्टाफरूममध्ये दोन विषय कधी संपत नाहीत. बदली आणि मोबाइल. बदलीचे किस्से सांगायची सोय नाही, म्हणून मोबाइलचे सांगते. तेही मधल्या सुट्टीतल्या डब्यांबरोबर रोज वाढतच असतात!

आमची शाळा सिन्नरजवळ, आम्ही राहायला नाशिकला. सरकारी कामाची इतकी ॲप्स, की फोन गळ्यापर्यंत भरलेले. त्यात कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स वेगळी, आणि ती काढता येत नाहीत. गणिताच्या वैशाली मॅडम वैतागल्या. "फोन माझा आणि किल्ली कंपनीकडे? का म्हणून?" व्हिडिओ बघून बघून त्या फोन रूट करायला शिकल्या. रूट म्हणजे फोनचा पूर्ण ताबा आपल्याकडे. काय ठेवायचं, काय उडवायचं, आपण ठरवायचं.

पहिला प्रयोग स्वतःच्याच फोनवर. मधल्या सुट्टीत फोन बंद होऊन परत सुरू झाला, तो कंपनीच्या चिन्हावरच अडकला. मॅडमनी डबा उघडलाच नाही. घंटा झाली, त्या तशाच सहावीच्या वर्गावर गेल्या. भागाकार चालू असताना टेबलावर फोन एकदम उजळला आणि मॅडमनी टाळी वाजवली! फळ्यापाशी उभ्या पोरीला वाटलं, आपलं उत्तर बरोबर आलं. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

उत्तर चुकलं होतं.

मग माझा नंबर. मी शेजारी बसून फर्मान सोडत होते, "हे काढ, हेही काढ, हे तर मी कधी उघडलंच नाही." फोन असा पळायला लागला की काय सांगू! घरी गेल्यावर कळलं, कॉल करायचं ॲपच उडालंय. मेसेज येतायत, फोटो निघतायत, पण फोन काही लावता येत नाही. सकाळी धापा टाकत वैशालीला गाठलं. पाच मिनिटांत तिने ते परत बसवलं. मला हायसं वाटतंय तोवर म्हणते, "अगं, मग काल लगेच फोन करून सांगायचंस ना!"

शिंदे सरांची गंमत और होती. हजेरीच्या ॲपने त्यांचा रूट केलेला फोन ओळखला आणि सांगितलं, हा फोन चालणार नाही. सर गेटपाशी फोन वर धरून उभे. मुख्याध्यापक देवरे सर म्हणाले, "अहो, मला दिसताय की तुम्ही!"

"तुम्हाला दिसतोय सर, ॲपला दिसत नाहीये!"

मॅडमनी रूट काढून फोन होता तसा केला. हजेरी लागली. सकाळपासून शाळेतच असलेले शिंदे सर खुर्चीत टेकले. "आलो बुवा एकदाचा!"

पगार आडनावाच्या आमच्या दुसऱ्या मॅडमच्या वेळी मात्र थोडक्यात वाचलो. रूट करण्याआधी कंपनीचं कुलूप उघडावं लागतं, त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं. त्यांच्या लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात. वैशालीचं बोट बटणावर.

"बॅकअप घेतलाय ना?"

"हो, कालच."

"कुठे?"

"याच फोनमध्ये!"

वैशालीने हात असा मागे घेतला, जणू तवाच लागला.

शेवटी देवरे सरांनी आपल्या आईचा फोन आणला. आई गावी नामपूरला एकट्या, बोलणं सगळं अहिराणीत. फोनमध्ये जाहिरातींचा नुसता धुमाकूळ, दर दहा मिनिटांनी टुण्! वैशालीने रूट करून सगळ्या जाहिराती मुळासकट काढल्या. सर खुशीत फोन आईला देऊन आले.

पुढच्या शनिवारी आई फोन उचलेनात. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. शेजारच्यांचाही लागेना. रविवारी उजाडताच सर गाडी काढून निघाले. नामपूर येईपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

आई ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या. ठणठणीत! सर बुटांसकट पायरीवरच बसले.

"आई, फोन कुठंय?"

"पेटीमा ठेवेल शे. मरी गया तो."

सरांनी पेटी उघडली. फोन फडक्यात गुंडाळलेला. चालू होता.

"आई, चांगला आहे की!"

"भाऊ, पहिले दिनभर टुणटुण करे. घरमा कोनी तरी शे असं वाटे. आते तो गप बशी राहस."

सोमवारी देवरे सर स्टाफरूममध्ये आले. वैशालीसमोर फोन ठेवला आणि हळूच विचारलं,

"मॅडम, त्या जाहिराती परत टाकता येतील का?"