सायलेन्सरची जाळी

घासलेटचा वास आला की सुरतजवळच्या उधन्याची आमची खोली आठवते. सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमचे हे मिलमध्ये लूमवर होते. तिथल्या खडखडाटात माणसं खुणांनीच बोलायची. सुट्टीला हे त्यांची जुनी, लहानशी मोटारसायकल ओट्यावर खोलून बसत. कार्बोरेटर घासलेटमध्ये धुवायचा, स्क्रू थोडा फिरवायचा, गाडी चालू करून कान द्यायचा. एकदा मात्र आवाज काही केल्या त्यांच्या मनासारखा लागेना. शेवटी त्यांनी सायलेन्सरमधली जाळीच काढून टाकली. किक मारली तशी मांडणीवरची ताटं थरथरली. शेजारचा गुजराती विणकर बाहेर येऊन ओरडला, "भाई, आटलो बधो अवाज?" हे खूश. "आत्ता कुठे इंजिन नीट ऐकू येतंय," म्हणाले आणि गाडी बंद केली. मी आतून विचारलं, "अहो, चहा ठेवू का?" उत्तर नाही. पुन्हा मोठ्याने विचारलं. हे पाठमोरे बसून शांतपणे पाना पुसत होते. मी चहा केला, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "जाळी परत बसवा. आवाज कसा लागला ते मी सांगत जाईन." त्यांनी चहा संपवला आणि जाळी उचलली. हे जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही कुणाशी बोलायचं तर मी आधी समोर जाऊन उभी राहते. सून हसते, "आई, तिथून बोला ना, येतं ऐकू."