बरं म्हणजे किती मिलिग्रॅम?

जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवून देणाऱ्या या गृहस्थाला सगळी गल्ली 'आलोच' म्हणते. गिऱ्हाईक समोर बसलेलं असो, कात्री अर्ध्या कापडात असो, नाहीतर बायको काहीतरी सांगत असो, हा माणूस एकदम 'आलोच' म्हणून उठायचा, आणि एकदा उठला की परत कधी येईल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. दोरा आणायला गेलेला आलोच तासाभराने शेजारच्या दुकानात पंखा उघडून बसलेला सापडायचा. पंखा बिघडलेला नसायचा. तो नुसता आवाज करत असायचा, एवढं कारण त्याला पुरे व्हायचं.

हात मात्र सोन्याचा. त्याने पुरा केलेला सोफा पाहिला की बघतच राहावं. पण पुरा केलेला सोफा पाहायला मिळायला नशीब लागायचं, कारण दुकानात कायम पाच-सात सोफे पोट उघडं टाकून पडलेले असायचे. फोनवर गिऱ्हाइकांना तोंड द्यायचं काम बायकोचं. "कापड वरूनच आलं नाही," "कारागीर आजारी आहे," अशा थापा ती इतकी वर्षं मारत होती की आता त्या तिला झोपेतही सुचत. कारागीर एकच होता आणि तो समोर शीळ घालत बसलेला असायचा. एक वकीलबाई तर कारागिराच्या प्रकृतीसाठी फळं घेऊन आल्या. त्यातलं सफरचंद आलोचने त्यांच्यासमोरच खाल्लं. त्या दिवशी बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर काही दिवसांनी ती त्याच्यापाशी येऊन म्हणाली, "अहो, ते पडद्यांचं मोठं दुकान आहे ना, तिथे मी नोकरीचं बोलून आलेय. दिवाळीपर्यंत कळवा म्हणालेत. मला आता खोटं बोलायचा कंटाळा आलाय, आणि खरं सांगायचं तर…"

आलोच एका स्प्रिंगशी झटापट करत होता. "बरं," तो म्हणाला. "माझी हातोडी पाहिलीस का गं?"

तिने हातोडी दिली. आणि त्या दिवसापासून त्याला काही सांगणंच सोडून दिलं. 'पान वाढलंय', 'गिऱ्हाईक आलंय', बस्स. भांडण नाही, रुसवा नाही. आलोचला पहिले काही दिवस घरात छान शांतता वाटली. मग एकदा भाचीने विचारलं, "मामा, मामी नोकरी धरणार म्हणे?" तेव्हा त्याची शीळ थांबली. बायकोने हे आपल्याला कधी सांगितलं असेल, ते त्याला आठवेना. सांगितलं असणार एवढं नक्की, कारण ती सगळं सांगायची. तो खरोखर घाबरला. नोकरीचं एक वेळ ठीक, पण ही बाई आपल्याशी कायमची बोलायची थांबली तर काय?

या भाचीलाच नुकतंच एडीएचडीचं निदान झालं होतं. लक्ष एका जागी टिकत नाही, काम अर्धं राहतं, बोलणं मध्येच सुटतं, असं ती घरच्यांना समजावून सांगत असताना सगळे नातेवाईक हळूहळू आलोचकडे वळले होते. तो त्या वेळी खिडकीची कडी दुरुस्त करत होता. आता तो आपणहून भाचीकडे गेला. सरकारी दवाखान्यातली तारीख इतकी लांबची मिळत होती की तोवर आपण कशासाठी आलोय हेच विसरू, असं त्याला वाटलं. म्हणून खाजगी दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई तरुण होत्या, भाचीपेक्षा थोड्याच मोठ्या. तपासण्या झाल्या, सगळ्या वहिनी-मेहुण्यांच्या साक्षी झाल्या, निदान झालं आणि लहान डोसने गोळी सुरू झाली. "प्रत्येकाचा डोस वेगळा असतो," बाई म्हणाल्या. "हळूहळू वाढवत तुमचा शोधून काढू. जे वाटेल ते मोकळेपणाने सांगायचं."

आणि गोळीने काय केलं म्हणता? दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी बायको आतल्या खोलीत तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती, आणि ते बोलणं आलोचला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू आलं. मध्ये पंखा आला नाही, रस्त्यावरचा ट्रक आला नाही. बायको किती मजेशीर बोलते! त्याला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणीच आलं. दुपारनंतर गोळीचा जोर ओसरला आणि पंखे-ट्रक परत आले, पण सकाळ तर हाती लागली होती.

पुढच्या भेटीत बाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"भूक?"

"बरी आहे."

"झोप?"

"बरी."

डोस एक पायरी वर गेला. तो योग्यच होता, आता दुपारीही निभायला लागलं. घोळ झाला तो त्याच्या पुढच्या भेटीत. "आणखी थोडा वाढवून बघूया?" बाई म्हणाल्या, आणि आलोच म्हणाला, "बरं…"

आता आपल्याकडचं हे 'बरं' कोणतं, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं. हे लांबवलेलं, जमिनीकडे बघत म्हटलेलं 'बरं' होतं. याच्या पाठीमागून 'पण' येतो. नकाराची ती प्रस्तावना असते. परंतु बाईंची बोटं त्या 'पण'च्या आधी कीबोर्डवर पोचली. पुढच्या माणसाने इतक्या तत्परतेने लिहून घेतल्यावर त्याला खोडायला लावायचं, हे आलोचला काही बरं दिसेना. बिचारी लेकीच्या वयाची, आपल्यासाठी एवढं करतेय. तो थँक्यू म्हणून निघून आला.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. तोंडाला कोरड, जेवणावर वासना नाही, छातीत धडधड. एक अख्खी सकाळ त्याने चुका निवडण्यात घालवली. चुका म्हणजे कापड ठोकायचे बारीक खिळे. ते त्याने लांबीप्रमाणे लावले, मग डोक्याच्या आकाराप्रमाणे लावले, मग कोणाचं डोकं किंचित वाकडं आहे ते बघितलं.

"सकाळपासून चुका काढत बसलात," बायको म्हणाली, "पण स्वतःची एक दिसली नाही."

त्याने ऐकलं नाही. आणि वकीलबाईंचा सोफा! तो एकदाचा पूर्ण झाला होता. टेम्पो दारात उभा होता. तेवढ्यात आलोचला सोफ्याच्या पाठीवरच्या कापडाचा एक पट्टा दोऱ्याएवढा सरकलेला दिसला आणि त्याने सगळं कापड उसवून काढलं.

"अहो! पूर्वी अर्धं राहायचं," बायको कपाळावर हात मारून म्हणाली. "आता पुरं झालेलं अर्धं करायला लागलात?" तिने दोनदा हाक मारली, तीनदा मारली. आलोच त्या पट्ट्यात पार बुडाला होता. टेम्पो रिकामा परत गेला.

त्या दुपारी तिने त्याच्या ताटातलं जेवण जसंच्या तसं उचललं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी येणार तुमच्याबरोबर. मला त्या डॉक्टरला बघायचंय."

दवाखान्यात बसायला चांगल्या महागड्या खुर्च्या होत्या आणि आलोच त्यांच्या शिवणी तपासत होता. आत गेल्यावर बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं आहे."

"काही बरं नाही," बायको म्हणाली. "डॉक्टर, यांचं बरं म्हणजे बरं नव्हे. पाहुण्यांकडे खारट भाजी खाल्ली तरी हे बरीच म्हणतात. लग्नाच्या आधी यांना मी कशी वाटले विचारलं, तर म्हणे बरी आहे."

"अगं, ते चांगल्या अर्थाने होतं!"

"इतकी वर्षं मी तेच शोधतेय."

डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर मागच्या नोंदी काढल्या. "मी तर प्रत्येक भेटीत लिहिलंय, बरं वाटतं, बरं वाटतं…" त्या हसायला लागल्या, मग थांबल्या आणि त्यांनी रक्तदाब आणि नाडी तपासली. मागच्या वेळीही ठोके थोडे जास्तच लागले होते, पण आलोच उशीर झाल्यामुळे धावत आलेला, म्हणून त्यांनी ते धावण्यावर ढकललं होतं. आज तो बायकोबरोबर वेळेवर आला होता. "हे जास्त आहे. तुम्ही मला सांगायला हवं होतं. आणि मीही नीट खोदून विचारायला हवं होतं. आजपासून या खोलीत 'बरं' हा शब्द बंद. आता सांगा, कसं वाटतंय?"

आलोचने तोंड उघडलं. या एका शब्दाशिवाय आपल्याकडे बोलायला काहीच नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

"धडधडतं," तो शेवटी म्हणाला. "घास उतरत नाही. आणि एका गोष्टीला चिकटलो की सुटत नाही."

"मग बोलला का नाहीत?" बायकोने विचारलं.

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "भीती वाटली. त्रास होतोय म्हटलं की गोळी बंद करतील. आणि बंद केली तर तुझं बोलणं पुन्हा अर्धंच ऐकू येईल मला. मधे थोडे दिवस सगळं येत होतं."

बायकोने उगाच पर्स उघडली आणि बंद केली.

"कमी करणं म्हणजे बंद करणं नव्हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक पायरी खाली येऊ, जिथे तुमचं छान चाललं होतं. तुमचंच उदाहरण घ्या. कापड जास्त ताणलं की ते फाटतं ना, तसं."

"फाटत नाही," आलोच म्हणाला. "कापड कधीच फाटत नाही, शिवण उसवते. त्याचं असं आहे, की आडवा धागा आणि उभा धागा…"

"अहो," बायको म्हणाली, "इथे मिनिटांचे पैसे पडतात."

डोस खाली आला. धडधड गेली, भूक परतली, वकीलबाईंचा सोफा दुसऱ्यांदा पुरा झाला आणि या खेपेला त्याच्याकडे न बघता आलोचने तो टेम्पोत चढवला. मधूनमधून तो अजूनही हरवतो. पण हरवल्याचं त्याला कळतं आणि तो परत येतो.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी बायको दुकानात झाडू मारता मारता म्हणाली, "आज त्या पडद्यांच्या दुकानात फोन केला मी. म्हटलं, मी काही…" आणि सवयीने थांबली. तिने झाडूचा कचरा गोळा केला, सुपलीत भरला. मान वर करून बघते तो नवरा हातातलं काम खाली ठेवून तिच्याकडे बघत बसलेला.

"मी काही काय?" त्याने विचारलं.

"मी काही येत नाही म्हटलं."

"का?"

तिने सुपली खाली ठेवली. इतक्या वर्षांत तिला कोणी 'का' विचारलं नव्हतं, आणि उत्तर तयार ठेवायची कधी गरजच पडली नव्हती.

"सांगते," ती म्हणाली. "पण वेळ लागेल हं. बसावं लागेल."

"बसलोय."

तिने झाडू कोपऱ्यात ठेवला, एक स्टूल ओढलं, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पहिल्यापासून म्हणजे, अगदी लग्नाच्या दिवसापासून.