डभोईची म्हैस

चर्चमधली रविवारची उपासना आटोपली की आमचे बाबा टायसकट थेट दवाखान्यात जायचे. आजाऱ्याला भेटलं की प्रभूला भेटलं, अशी त्यांची श्रद्धा. ज्याच्याजवळ कुणी नातेवाईक नाही अशी खाट गाठायची आणि विचारायचं, “बोला काका, तुमच्यासाठी काय करू?” लोक बहुधा पाणी मागत. बाबा पाणी देत आणि वर भली लांबलचक प्रार्थनाही करत. आई आणि मी डबा घेऊन मागे ताटकळत उभ्या.

एकदा डभोई गावचे एक गुजराती म्हातारे भेटले. दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन. ते टाळलं तर जिवाला धोका, हे सांगून डॉक्टर थकले होते आणि हे आपले संमतीच्या कागदावर अंगठा न लावता खाटेखाली चपला शोधत होते. “मारी भेंस एकली छे,” ते म्हणाले. शेजारी चारा टाकायचा, पण म्हैस दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. कालपासून दूध काढलेलं नाही, कास सुजली तर जनावर हातचं जाणार. ऑपरेशन गेलं खड्ड्यात!

बाबांनी सवयीनं विचारलंच, “काय करू?”

म्हाताऱ्यांनी उशाखालची मळकी बंडी त्यांच्या हातात कोंबली. “आ पहेरीने जजो. वास ओळखशे.”

बाहेर येताच बाबा कुरकुरले, “सेवा करायला प्रभूनं उपाशी सांगितला, आजारी सांगितला. म्हशीचं काही सांगितलेलं नाही.”

“परका सांगितलाय ना?” आई म्हणाली. “म्हैस परकीच आहे. चला, बस सुटेल.”

डभोईत बाबांनी टायवर बंडी चढवली. म्हशीनं त्यांना हुंगलं, टाय तोंडात घेतला आणि सावकाश चघळायला लागली. जरा हलले की ती पाय झाडायची, म्हणून बिचारे निमूट उभे राहिले. नगरकडच्या खेड्यात वाढलेली माझी आई पदर खोचून बसली आणि म्हशीनं पान्हा सोडला. मला हसू आवरेना. बाबा माझ्याकडे असे बघत होते, जणू ती म्हैस मीच पाळली होती.

संध्याकाळी परतलो, तर म्हातारे चपला घालून खाटेवर बसलेले. दूध निघालं, यावर त्यांचा विश्वास बसेना. “लात मारी?” त्यांनी आईला विचारलं.

“ना काका,” आई मोडक्यातोडक्या गुजरातीत म्हणाली. “पण तमने शोधती हती.”

म्हातारे भिंतीकडे तोंड करून रडले. मला वाटलं, आता हे नक्की पळणार. पण त्यांनी डोळे पुसले आणि नर्सला हाक मारली, “लावो बेन, अंगूठो क्यां मारवानो? जल्दी करो, मारे घेर जवुं छे.”